पट्टीखालची स्लाइड

आमच्या मॅडमचा रक्ताच्या कॅन्सरवरचा पेपर छापून आला, तेव्हा त्याची एक प्रत त्यांनी मला दिली. शेवटी आभारात माझंही नाव आहे, तिसरं. बायकोने ते पान फ्रेम करून मनीषनगरच्या आमच्या हॉलमध्ये टांगायचं ठरवलं होतं. मी टांगू दिलं नाही. पाहुणे आले की वाचून दाखवा म्हणतील, आणि माझं इंग्रजी बेताचं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, काचेची स्लाइड रंगवायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि पाचशे पेशी मोजायच्या, त्यात कॅन्सरच्या कच्च्या पेशी किती ते बघायचं. प्रत्येक पेशीला काउंटरचं, मोजायच्या यंत्राचं, बटण दाबायचं, दर शंभराला त्याची घंटी वाजायची. मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टर, वेगळ्या मोजायच्या, मी वेगळ्या. आकडा तोंडाने सांगायचा नाही, चिठ्ठीवर शेकडा किती ते लिहायचं, घडी घालायची आणि चारच्या चहाला दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. नवे डॉक्टर हसायचे. हसू देत, आमच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा जुळायच्या.

कुही गावाकडची एक मुलगी होती, नऊ वर्षांची. औषधांनी केस गेलेले, डोक्याला आईचा रुमाल. तपासायला आली की लॅबच्या दारात उभी राहायची. "काका, घंटी वाजली का?" लॅबमध्ये बाहेरचं कोणी आलं की मी खेकसत असे, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. तिच्यासाठी मात्र मी स्लाइड नसतानाही शंभर वेळा बटण दाबून घंटी वाजवायचो. जीव लागला होता, दुसरं काय.

एकदा तिची मॅरो तपासायला आली. कच्च्या पेशी शेकडा पाचाच्या आत असल्या तर घरी जाऊन गोळ्या आणि शाळा. जास्त निघाल्या तर आजार उलटला, पुन्हा ती जालीम औषधं. तिची आई सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. मी सावकाश मोजलं. चार आले. मनातल्या मनात मी त्या पोरीला शाळेत पाठवूनही मोकळा झालो.

चहाला चिठ्ठ्या उघडल्या. माझे चार, मॅडमचे नऊ.

"तुमचे चार कसे आले?" मॅडमनी विचारलं.

मला राग आला. "इतकी वर्षं मोजून राहिलो मॅडम. माझं काहून चुकंन?"

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा माझेही चारच आले होते. लेबल वाचून बसले होते ना. मन खाऊ लागलं, म्हणून पुन्हा मोजलं."

त्यांनी चिकटपट्टी आणली, त्या दिवशीच्या सगळ्या स्लाइडांची नावं झाकली, पत्ते पिसतात तशा पिसल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मी पुन्हा मोजायला बसलो. एका स्लाइडमध्ये माझे नऊ आले. पट्टी काढली, तर तीच.

सकाळी ज्या पेशींपाशी मी अडखळलो होतो, त्या मला आठवत होत्या. त्या तिच्या होत्या म्हणून मी त्यांना चांगल्यात ढकललं होतं. मॅडमनी बाहेर जाऊन तिच्या आईला सांगितलं. माझी हिंमत झाली नाही. जाताना पोरगी दारात थांबली आणि म्हणाली, "काका, आज घंटी नाही वाजवत का?" मी वाजवली. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडलो.

त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये एकही स्लाइड पट्टीशिवाय मोजली गेली नाही. तिची औषधं पुन्हा सुरू झाली, वेळेवर, आणि या वेळी पोरगी बरी झाली. मोजताना कोणती स्लाइड तिची हे मला कधीच कळलं नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी धास्तावून असायचो.

गेल्या हिवाळ्यात ती घरी आली. आता कॉलेजात आहे, चांगली कमरेपर्यंत वेणी. आईने नव्या तांदळाची पिशवी दिली होती. बायको चहा ठेवायला आत गेली, तशी ती म्हणाली, "काका, मॅडमचा तो पेपर दाखवा न. त्यात मी पण आहे म्हणतात."

मी कपाटातून काढून दिला. तिने तक्ते उलटसुलट पाहिले. तिथे पेशंटांची नावं नाहीत, सगळे नुसते नंबर. "याच्यात मी कुठं आहे?"

मी पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, तिने वाचून मराठीत सांगितलं, "स्लाइड कोणाची आहे, हे मोजणाऱ्या दोघांनाही माहीत नव्हतं." मग माझ्याकडे पाहिलं. "पण काका, इथं तर माझं नावच नाही."

"नाव झाकलं होतं," मी म्हणालो, "म्हणून तर तू आज इथं बसून राहिली न वं."