टोपीमागचा समुद्र

समुद्र कसा दिसतो, असं योले बार्सोत्तीला कुणी विचारलं असतं तर तिने प्रामाणिकपणे सांगितलं असतं, “मधे एक टोपी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं पाणी.”

टोपी गवताची होती, बैलगाडीच्या चाकाएवढी, आणि ती सिन्योरा एर्सिलिया जान्नेस्सी यांच्या मस्तकावर विराजमान असायची. एर्सिलियाबाईंची छत्री पहिल्या रांगेत आणि योलेची बरोबर त्यांच्या मागे, दुसऱ्या रांगेत. पिसाहून नदीच्या काठाकाठाने बस मरीनाला येते, तिथे आदेल्मोचा किनारा, हंगामभर छत्र्या भाड्याने देणारा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छत्र्या, त्यांच्या नीट आखलेल्या रांगा, प्रत्येक छत्रीखाली दोन खुर्च्या आणि एक घराणं. योलेची जागा आधी तिच्या आईची होती. जून ते सप्टेंबर योले रोज तिथे असायची. पिसात तिचं घर त्या जगप्रसिद्ध मनोऱ्याच्या मागच्या गल्लीत. सगळं जग मनोरा बघायला गल्लीत शिरायचं तेव्हा ही दाराला कुलूप लावून बसकडे निघालेली असायची. “पडला की कळवा,” म्हणायची. “तोवर वाकडं बघायला मला मरीनाला पुष्कळ माणसं आहेत.”

हिवाळाभर योले लोकांचे कपडे उसवायची आणि शिवायची. नवरीचे झगे सैल कर, नवरदेवाची पाटलोण आत घे. पण सुई चालायची हातात आणि मन बसलेलं असायचं पहिल्या रांगेत. हे खूळ आईकडून आलेलं. आई म्हणायची, “पहिल्या रांगेतल्या बाईला कुणाच्या पाठीकडे बघत जगावं लागत नाही.” आई दुसऱ्या रांगेतूनच वर गेली. तेव्हा योले शवपेटीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. लोकांना वाटलं, प्रार्थना.

आता पहिल्या रांगेतली जागा मागून मिळत नाही आणि पैशाने तर नाहीच नाही. ती एकाच कारणाने रिकामी होते, आणि ते कारण तोंडाने बोलायचं नसतं. म्हणून योले रोज सकाळी तब्येत विचारायची.

“बऱ्या आहात ना, सिन्योरा?”

एर्सिलियाबाई नोटरीच्या विधवा. समोर कारकून दस्त लिहून घेतोय अशा थाटात त्या बोलायच्या. “डॉक्टरांनी तपासलं. हृदय विशीतल्या मुलीचं. रक्तदाब उत्तम. नोंद घ्यावी.”

“माउलीची कृपा,” योले म्हणायची, आणि चेहरा असा पाडायची की बघणाऱ्याने सांत्वनाला पुढे यावं.

शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडलेलं असायचं आणि त्यामागून आवाज यायचा, “माउलीची पण खुर्ची पहिल्या रांगेत दिसते.”

हा तिचा नवरा, लोरियानो. लिव्होर्नोचा. पिसा आणि लिव्होर्नो यांच्यात बसने अर्ध्या तासाचं अंतर आणि काही शतकांचं वैर. लग्न ठरलं तेव्हा योलेचे वडील महिनाभर जेवताना भिंतीकडे तोंड करून बसले होते. लोरियानो अजून म्हणायचा, “आमच्यात म्हण आहे, दारात पिसाचं माणूस उभं असण्यापेक्षा घरात मढं परवडलं. मी तर ती दारातली उचलून घरात आणली.” यावर योले म्हणायची, “आणलंस कुठे? माझ्याच घरात तर राहतोस.” हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली जाड पोळी दोघांना जीव की प्राण, पण तिला तो एक नाव देणार, ही दुसरं देणार. मग दोघंही तोंड फिरवून तीच पोळी खाणार.

योलेचं किनाऱ्यावर आणखी एक काम होतं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून ती ते फार मन लावून करायची. जेवल्यावर तीन तास पाण्याला पाय लावायचा नाही, हा नियम तिकडे सगळ्यांनाच ठाऊक. पण इतर लोक तो पाळायचे आणि योले पाळून घ्यायची. दुपार झाली की ती खुर्ची वळवून पहाऱ्याला बसायची.

“ए, काय खाल्लंस?”

“पीच.”

“एक?”

“एक.”

“खरं सांग.”

“दोन.”

“मग गुडघ्यापर्यंतच जा. आणि तू रे? तोंडाला सॉस दिसतोय. तू चार वाजेपर्यंत पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही!”

पुराव्यादाखल तिच्याकडे आईच्या गावचा एक लांबचा भाऊ होता. तो भरल्या पोटी पाण्यात उतरला आणि जागच्या जागी आटोपला. एका उन्हाळ्यात त्याने कलिंगड खाल्लेलं असायचं, पुढच्या उन्हाळ्यात वजडी. कधी तो नदीत उतरायचा, कधी समुद्रात. मरायचा मात्र न चुकता. लोरियानोने लग्नाच्या वर्षी तळलेले मासे खाऊन सरळ समुद्रात उडी मारली होती आणि शीळ घालत बाहेर आला होता. योलेला विचारलं तर म्हणायची, “लिव्होर्नोच्या पोटाला काय धाड भरलीय? नियम माणसांसाठी असतात.”

मग एका हिवाळ्यात नैऋत्येचा वारा असा सुटला की आठवडाभर मरीनाच्या खिडक्या कुणी उघडल्या नाहीत. मे महिन्यात आदेल्मोने छत्र्यांसाठी रांगा आखल्या तेव्हा एक रांग कमी भरली. पहिली. तिची वाळू समुद्राने नेली होती.

बातमी पिसात पोचायला एक सकाळ पुरली. सगळी घराणी आदेल्मोच्या कॉफीबारच्या ओसरीवर जमली. आदेल्मोने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्याच्यापुढे आता प्रश्न होता: पहिली रांग गेल्यावर पहिली रांग कुठली?

“पहिली रांग म्हणजे वाळू नव्हे,” एर्सिलियाबाई म्हणाल्या. “पहिली रांग म्हणजे माणसं. आम्ही बसू ती पहिली रांग. नोंद घ्यावी.”

“बरोबर आहे,” आदेल्मो म्हणाला.

“वा रे वा!” योले उठलीच. “मी माझ्या आईच्या जागेवर बसणार. पुढची रांग समुद्राने नेली, त्यात माझा काय दोष? मी काय फावडं घेऊन आले होते?”

“सांगितलं असतंस तर मी आणलं असतं,” लोरियानो वर्तमानपत्रातून म्हणाला.

“तुमचंही बरोबर आहे,” आदेल्मो म्हणाला.

“दोघींचं बरोबर कसं असेल?” एर्सिलियाबाई म्हणाल्या.

“हेही बरोबर आहे.”

पहिल्या रांगेतल्या बाकीच्या घराण्यांना अचानक आठवलं की डोंगरातली हवा प्रकृतीला चांगली असते. ती डोंगरात गेली. उरल्या एकट्या एर्सिलियाबाई.

किनारा उघडला त्या दिवशी योले पहिल्या बसने आली आणि आईच्या जागेवर बसली. समोर समुद्र होता. सबंध. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे काही नाही. योलेने दोन्ही हात मांडीवर ठेवले, फोटोला बसतात तसे.

“एवढा मोठा होता होय हा!” ती म्हणाली.

“मी म्हणायचो तुला,” लोरियानो म्हणाला. “लिव्होर्नोपर्यंत जातो.”

हे सुख कॉफी थंड होईपर्यंत टिकलं. मग टोपी आली.

“आदेल्मो, माझी छत्री.”

“हो, सिन्योरा. कुठे लावू?”

“माझ्या जागी.”

“सिन्योरा... तिथे पाणी आहे.”

“ते पाण्याने बघावं.”

आदेल्मोने क्षणभर योलेकडे पाहिलं, मग एर्सिलियाबाईंकडे, मग आभाळाकडे. नाही हा शब्द त्याच्या तोंडात बसायचाच नाही. त्याने पाटलोण गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात शिरला आणि छत्री रोवली. मग खुर्ची नेली. मग एर्सिलियाबाई चालत गेल्या, चर्चमध्ये जातात तशा, आणि नडगीभर पाण्यात खुर्चीवर बसल्या. टोपी सरळ केली.

योलेने उभ्या आयुष्यात या बाईला पाण्यात पाहिलं होतं. आता ती खरोखरच पाण्यात होती, आणि तरीही पुढेच.

जून गेला, जुलै गेला. शेजारच्या किनाऱ्यांवरून लोक सिन्योरांना बघायला येऊ लागले. छोटे मासे त्यांच्या घोट्यांशी ओळखीचे झाले. योले मात्र खंगली. शेवटी ऑगस्टच्या मध्यावर तिला मुद्दा सापडला. एर्सिलियाबाई एक वाजता पाण्यातल्या खुर्चीवरून उठायच्या, ओसरीवर जेवायच्या आणि आत केबिनमध्ये झोपायच्या. योलेने आदेल्मोला गाठलं.

“तेवढा वेळ ती जागा कुणाची?”

“सिन्योरांची.”

“समुद्राची! रिकामी सोडली की समुद्राची. कब्जा म्हणजे सलग बसणं. नोटरीच्या बायकोला हे मी शिकवू? जमत नसेल तर छत्री काढून टाक.”

“तुमचंही बरोबर आहे,” आदेल्मो म्हणाला, आणि जाऊन सगळं शब्दन् शब्द एर्सिलियाबाईंना सांगून आला. त्यांचंही बरोबर आहे, असं त्यांनाही सांगून आला.

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट. फेर्रागोस्तो, भर उन्हाळ्यातला सुट्टीचा सण. या दिवशी पिसात कुत्रंसुद्धा उरत नाही. ओसरीवर टेबलं जोडून सगळ्यांची पंगत. योलेने लझान्याचा ट्रे आणला होता, कुणी भरलेला ससा, कुणी खरबूज आणि हॅम. एर्सिलियाबाई जेवल्या, सावकाश, प्रत्येक घासावर सही करत असल्यासारख्या. लझान्या दोनदा घेतली. मग उठल्या, टोपी चढवली. पण केबिनकडे वळल्या नाहीत. पाण्याकडे निघाल्या.

“आजपासून दुपारीही जागा रिकामी राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “नोंद घ्यावी.”

आणि भरल्या पोटी, सगळ्यांच्या देखत, दोन्ही पाय समुद्रात घालून बसल्या.

पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले. कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

“पायच तर आहेत,” आदेल्मो हळूच म्हणाला.

“पायांतूनच चढतं,” योले म्हणाली. हे वाक्य तिने इतके उन्हाळे म्हटलं होतं की ते आपोआप बाहेर आलं.

सगळे आपापल्या खुर्च्यांवर गेले, पण झोप कुणाला येईना. योले आपल्या जागेवर बसली. पुढे टोपी. लोरियानोने वर्तमानपत्र खाली घेतलं. असं सहसा होत नसे.

“आता गं?”

“काय आता?”

“तुझ्या हिशेबाने बाई चारच्या आत आटोपली. लझान्या दोनदा. सशाची तंगडी. वर खरबूज.”

“तू कशाला मोजत होतास?”

“मोजत तू होतीस. मोठ्याने. मी ऐकत होतो.”

योलेने टोपीकडे पाहिलं. करायचं काहीच नव्हतं. फावडं नको, भांडण नको, नुसतं गप्प बसायचं. टोपी जाईल, छत्री जाईल, सबंध समुद्र उरेल, जो आईला कधी दिसला नाही. वर दोष कुणी देणार नाही. उलट सगळे म्हणतील, योले सांगत होती हो. अशी संधी माउलीसुद्धा रोज देत नाही.

तेवढ्यात टोपी पुढे कलली. जरा थांबली. मग आणखी कलली.

“सिन्योरा!” योले ताडकन उठली. “सिन्योरा एर्सिलिया! पाय बाहेर काढा!”

टोपी हलली नाही. योलेने सपाता काढल्या आणि पाण्यात शिरली. तिच्याही पोटात लझान्या होती. मागून किनाऱ्याने एकदम श्वास ओढला. “योले! तू?” असं कुणीतरी ओरडलंसुद्धा. पण ती पाणी उडवत टोपीपर्यंत पोचली आणि वाकून टोपीखाली पाहिलं. एर्सिलियाबाई घोरत होत्या.

“उठा! मरायचंय का?”

एर्सिलियाबाईंनी एक डोळा उघडला. “तुम्हाला तेच हवंय, असा माझा समज होता.”

“हवंय तर! पण रीतीने. थंडीत, पिसाला, आपल्या अंथरुणात, फादरला बोलावून. सणाच्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत नाही.”

“आणि जागा?”

“तुमच्या जागेला मी हात लावणार नाही. चार वाजेपर्यंत माझ्या छत्रीखाली बसा. मग खुशाल या परत.”

“रोज?”

योलेने मागे वळून आपली जागा पाहिली. आईची खुर्ची, त्यावर टॉवेल. “रोज जेवत असाल, तर रोज,” ती म्हणाली.

एर्सिलियाबाईंनी विचार केला. मग हात पुढे केला, आणि एकमेकींना धरून दोघी बाहेर आल्या. ओसरीवरून टाळ्या पडल्या. “दोघींचं बरोबर आहे!” आदेल्मो ओरडला.

छत्रीखाली खुर्च्या दोनच. लोरियानो आपणहून उठला आणि वर्तमानपत्र घेऊन मागच्या रांगेत गेला. एर्सिलियाबाई त्याच्या खुर्चीवर बसल्या. जरा वेळाने पायांवर ऊन आलं म्हणून त्यांनी खुर्ची वीतभर पुढे घेतली. मग सावली हलली म्हणून आणखी वीतभर.

योले ओल्या पायांनी, पोटावर हात ठेवून, वाट बघत होती. कळ येईल, भोवळ येईल, किमान एखादी उचकी तरी. काही आलं नाही. शेवटी ती थोडी हिरमुसलीच.

“काय, आहेस का अजून?” मागून लोरियानो.

“मी लझान्या एकदाच घेतली होती,” योले म्हणाली.

तिने समोर पाहिलं. मधे टोपी होती. दोन्ही बाजूंना थोडं थोडं पाणी.

“सिन्योरा...”

“काय?”

टोपी काढा, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंसुद्धा होतं.

“काही नाही,” योले म्हणाली. “बऱ्या आहात ना?”

“विशीतल्या मुलीसारखं वाटतंय. पाण्याचा गुण असावा. नोंद घ्यावी.”

मागच्या रांगेत वर्तमानपत्राचं पान उलटलं. “घेतली,” लोरियानो म्हणाला.