दुर्बिणीतून सुरू, हातांनी पुरं

माझ्या भाचीला घरात अजून बेबीच म्हणतात. पंचावन्न उलटली, केस पिकले, पाठ कामातून गेली, तरी बेबी. कामही बाळांचंच: नुकत्या जन्मलेल्या बाळांची बंद आतडी मोकळी करायची. ड्यूटी संपली की माझ्याकडे येते, चपलाही न काढता आरामखुर्चीत पडते आणि म्हणते, "मावशी, चहा दे आणि काही विचारू नकोस." मी चहा देते आणि विचारते.

त्या खेपेचं बाळ दोन दिवसांचं होतं. मुलगी. हिरव्या उलट्या, फुगलेलं पोट, शीचा पत्ता नाही. लहान आतडं कुठेतरी बंद होतं. बाप मोबाइलवर सगळं वाचून आलेला. "मॅडम, दुर्बिणीतूनच करा. मुलीची जात, पोटावर व्रण नको."

"आधी जगू दे रे तिला!" बाळाची आजी खेकसली. "पोट काय कपाळावर असतं?"

बेबीने समजावलं. दुर्बिणीला बारीक भोकं पुरतात, दुखतं कमी, बहुधा दूधही लवकर सुरू होतं. पण वेळ जास्त खाते आणि बाळाचं पोट तळहाताएवढं. उघडून केलं तर व्रण मोठा, पण सगळं आतडं हाताशी येतं. "दुर्बिणीने डोळा मोठा होतो हो, पण बोटं बाहेरच राहतात. मी दुर्बिणीने सुरू करते. गरज पडली तर उघडीन. दोन्हीला आत्ताच हो म्हणा."

"म्हणतो. पण तशी वेळ आणू नका." जणू वेळ हिच्या पर्समध्ये असते!

बेबीची एक खोड आहे. कापलेली टोकं जोडण्याआधी खालच्या आतड्यात सलाइनचं पाणी सोडायचं आणि ते शेवटपर्यंत पोचलेलं बघायचं. आतडं कधीकधी दोन ठिकाणीही बंद असतं. इथे पहिली बंद जागा दुर्बिणीतून सापडली, कापली. पाणी सोडलं. पडद्यावर आतडं अखंड दिसत होतं. पाणी मात्र वेटोळ्यांत कुठे गेलं, कळेना.

भूल देणारी डॉक्टर तिची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "दिसतंय ना अखंड? जोड आणि सूट. बाळ गार पडतंय, तुझाही रंग उडालाय."

"खरं सांगू मावशी," बेबी मला म्हणाली, "मलाही जोडून सुटावंसंच वाटलं. पाठ नुसती ठणकत होती."

पण नाही सुटली. बेंबीजवळचं भोक वाढवलं, आतडं अलगद बाहेर घेतलं, पुन्हा पाणी सोडून बोटांनी पुढे सरकवत नेलं. बरंच खाली जाऊन ते अडलं. बाहेरून आतडं धडधाकट, आत वाट अडवणारा पातळ पडदा. तो तसाच राहता, तर वरचा जोड कितीही सुबक घातला तरी टिकला नसता.

"वरात दुर्बिणीची काढलीस आणि लग्न सुरीशी लावलंस!" मैत्रीण म्हणाली, पण बाळावर गरम कपडा आणखी ओढून घेतला आणि थांबली.

बापाने बाहेर मोठी पट्टी पाहिली. "म्हणजे दुर्बिणीने जमलं नाही तुम्हाला."

"नाही जमलं," बेबी म्हणाली.

हे ऐकून मी कावलेच. "अगं, त्या आतल्या पडद्याचं सांगायचं की त्याला!"

"सांगितलं गं. त्याने एवढंच ऐकलं."

मग नुसती वाट पाहणं. नाकातल्या नळीतून रोज हिरवं येत होतं. बेबी रोज येऊन खुर्चीत पडायची आणि मी विचारायच्या आधीच मान हलवायची. एका दुपारी चहा हातात असतानाच फोन आला. वॉर्डातली सिस्टर ओरडत होती, मलासुद्धा ऐकू आलं. "मॅडम, शी झाली! भरपूर!"

"हिरवं थांबलं?"

"कालपासून."

"मग दूध द्या. अगदी थोडं."

बापाने फोन मागून घेतला असावा. "मॅडम, तो व्रण... कधी जाईल?"

"जाणार नाही. तिच्याबरोबर वाढेल."



"वाढू दे," तो म्हणाला.

बेबीने फोन पोटावर ठेवला आणि चपलांसकट झोपली. चहा मीच प्याले.