दोक्सूच्या नावाची बाटली

कोरियातल्या हेनामजवळच्या आमच्या गावात दोक्सू म्हणजे तिखट तोंडाचा म्हातारा. जन्मभर कोबीचा ट्रक हाकला, कुणाचं ऐकायची सवय नाही. हिवाळ्यात आम्ही म्हातारी मंडळी ज्येष्ठांच्या खोलीत उबदार जमिनीवर पत्ते कुटत बसतो. तिथे एकदा आरोग्य केंद्राच्या मिरान सिस्टर आल्या. त्यांनी ताटलीत आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा ठेवला, त्यात काडी इकडेतिकडे टोचली आणि चिमुकल्या बाटलीत बुडवली.

"शौचाचं एवढंच द्यायचं. आतड्यात कधी मस, म्हणजे मांसाचा छोटा कोंब येतो, त्यातून गुपचूप रक्त झिरपतं. आपल्याला दिसत नाही, तपासणीत दिसतं. कॅन्सर व्हायच्या आत मस काढता येतो."

"झालं! आता सोयाबीनचं सार घशाखाली उतरायचं नाही," दोक्सू म्हणाला. सगळे खो खो हसले. सिस्टरांनी प्रत्येकाला नाव लिहिलेली एकेक बाटली दिली.

घरी जाऊन त्याने आपली बाटली बायकोपुढे ठेवली. "ओक्बुन, तुझ्याबरोबर माझीही भर. कुणाला कळतंय?"

"अहो, लाज कशी वाटत नाही?" ती म्हणाली. पण कटकट नको म्हणून एक त्या दिवशी भरली, एक दुसऱ्या दिवशी.

थोड्या दिवसांनी सिस्टर दारात. "काकू, तुमचं ठीक आहे. काकांच्या बाटलीत रक्त सापडलंय."

दोक्सू पांढराफटक पडला. गप्प राहता आलं असतं. पण तो पुटपुटला, "ती माझी नव्हती. तीही हिचीच."

सिस्टर म्हणाल्या, "मसातून रोज रक्त येत नाही, म्हणून एकीत सापडलं, एकीत नाही. चला, काकूंची दुर्बिणीतून तपासणी करू. आणि काका, तुम्ही स्वतःची द्या." त्याने निमूट दिली. ती स्वच्छ निघाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी ओक्बुन पोट साफ करायचं खारट औषध पिऊन सारखी संडासात जात होती. दोक्सू संडासाच्या दाराशी बसून.

"अगं, आहेस ना?"

"आहे! मरायला इथे फुरसत कुणाला आहे?"

डॉक्टरांनी त्याच वेळी मस काढला. पुढे अहवाल आला: कॅन्सर नाही. राहू दिला असता तर कधीतरी होऊ शकला असता, म्हणाले.

दवाखान्यासमोरच्या खानावळीत दोघांनी भोपळ्याची पेज मागवली. ओक्बुनने वाडगा चाटूनपुसून संपवला. दोक्सू नुसता तिच्याकडे बघत डोळे पुसत होता.

"बघताय काय? निवतेय ती. खा."