सलोख्याच्या बैठकीतले चाचा

धुळ्याजवळच्या आमच्या गावात सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते. खुर्च्या, चहा आणि गुलाब ही कामं माझ्याकडे. पहिल्या रांगेत दरवेळी एक म्हातारे बांगडीवाले असतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. मी चहा दिला की ते आधी माझ्या मनगटाकडे बघतात, सवयीनं माप घेतात.

यंदा देवीच्या यात्रेत मुसलमानांची दुकानं नकोत, असं यात्रा कमिटीनं ठरवलं. बैठकीत चाचा उभे राहिले. "साहेब, माझं दुकान लागेल ना?"

"चाचा, आज सलोख्याची बैठक आहे. असले विषय आज नको," पोलीस ठाण्याचे साहेब म्हणाले.

चाचा बसले. फोटोग्राफर म्हणाला, "चाचा, टोपी घाला. नाहीतर पेपरात कळणार कसं?" त्यांनी खिशातली टोपी घातली आणि यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना गुलाब दिला.

बाहेर मी म्हटलं, "पुढच्या वेळी येऊच नका, चाचा."

"येनं पडस, ताई. मी नही उनू ते लोके म्हनतीन, मुसलमानसलेच सलोखा नको शे."

यात्रेत त्यांचं दुकान लागलं नाही. दिवाळीआधीच्या बैठकीला ते वेळेवर आले.