दोन हेडचं इंजिन

मला अजूनही त्या माणसाचा राग येतो आणि तो उतरावा असं मला अजिबात वाटत नाही.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या थोडं अलीकडे, माझं गॅरेज आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप, येईल ते. पुढे म्हसा गावाच्या बाजूला शहरातल्या लोकांची फार्महाउसं झाली आणि संगणकावर चालणाऱ्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा मी लॅपटॉप आणि स्कॅनचं सॉफ्टवेअर घेतलं आणि शिकले. तरी निम्मी गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारतात, "मेकॅनिक कुठंय?"

मेकॅनिक आहे. गावाबाहेरच्या आदिवासी वाडीतला, वडिलांच्या वेळेपासूनचा. मी त्याला दादा म्हणते, तो मला बाय म्हणतो. पाना धरायला मला त्यानंच शिकवलं.

एका शनिवारी एक बुटकी, पिवळी स्पोर्ट्स कार आली. मालकानं ऑइलचे सीलबंद डबे सोबतच आणले होते, कारण आमच्या ऑइलवर त्याचा भरवसा नव्हता. दादानं ऑइल बदललं, गाडी गेली. मंगळवारी तीच गाडी धक्के खात परत आली. इंजिनाचा दिवा लागलेला, जागेवर उभी असतानासुद्धा थरथरत होती. मालक ओरडतच खाली उतरला. "तुमच्या माणसाने माझं ऑइल विकलं आणि ट्रॅक्टरचं ओतलं!"

मी इंजिनातली ऑइल मोजायची काडी काढून दाखवली. ऑइल पातळ होतं, स्वच्छ होतं. "अर्धं-अर्धं मिसळलं असेल," तो म्हणाला. "रिकामे डबे दाखवा."

डबे नव्हते. आमच्याकडचे रिकामे डबे दादा घरी नेतो. ते कापून वाडीत कोंबड्यांना पाणी ठेवतात. वडिलांनीच ही रीत पाडली होती. दादा म्हणाला, "डबे घरी नेले, साहेब. रोज नेतो." मालक हसला. मला म्हणाला, "ऐकलंत? या लोकांना कशाला ठेवता तुम्ही?"

या लोकांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी काय केलं? दादाला म्हटलं, "दादा, तू दोन दिवस घरी थांब." गिऱ्हाईक शांत व्हावं म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर क्षणभर माझ्याही मनात येऊन गेलं होतं, की नेमके याच गाडीचे डबे का दिसत नाहीत. दादानं हात पुसले, फडकं खिळ्याला अडकवलं आणि गेला. चोरीचा बट्टा लागला असता तर या रस्त्यावर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

गाडी ठेवून मालक निघून गेला. मी स्टेअरिंगखाली लॅपटॉपची वायर जोडली. सॉफ्टवेअर म्हणालं, उजव्या बाजूच्या कॅमशाफ्टची वेळ मागे पडते आहे. कॅमशाफ्ट इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतो. वेग बदलला की त्याची वेळ थोडी पुढेमागे करावी लागते, आणि या गाडीत ते काम इंजिन ऑइलच्या दाबावर चालतं. ऑइल सोडायला बोटभर लांबीचा एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. म्हणजे ऑइल जाड असेल तर कॅम रेंगाळणारच. मग मालकाचंच खरं ठरणार की काय?

पण ते इंजिन दोन हेडचं होतं, म्हणजे कॅम आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह बसतो तो वरचा भाग एक उजवीकडे, एक डावीकडे. मी दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लावले आणि रेस दिली. गाडीच्या संगणकानं दोन्ही कॅमना वीस अंश मागितले. डावा गुमान वीसवर गेला. उजवा चारवरच अडून बसला. ऑइल तर दोन्हीकडे एकच! ते वाईट असतं तर डावा कसा धावला असता? मग मी दोन्ही कंट्रोल व्हॉल्व्ह काढून एकमेकांच्या जागी बसवले. आता उजवा कॅम धावू लागला आणि डावा अडला. दोष त्या एका व्हॉल्व्हमध्येच होता. त्याच्या जाळीत, इंजिनाचं कव्हर चिकटवायला लावतात त्या निळ्या सीलंटचा सुटलेला तुकडा रुतला होता. आमच्याकडे निळं सीलंट कधीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक आला. मी त्याला स्क्रीन दाखवली, जाळी दाखवली आणि विचारलं, उजव्या बाजूचं कव्हर कुणी उघडलं होतं? तो म्हणाला, पावसाळ्यात गळती होती, मुंबईच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं.

"मग माझ्या माणसाची माफी मागा."

"तुम्हीच सांगा ना त्याला. होतं असं कधी कधी." आणि तो मोबाइल बघत बाहेर जाऊन उभा राहिला. एवढंच! माणसाला चोर म्हणायला त्याला पूर्ण आवाज लागला होता, आणि चूक कबूल करायला तोंडही उघडलं नाही. जाळी साफ करून मी गाडी दिली आणि पुन्हा माझ्या दारात आणू नका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मी वाडीवर गेले. दादा अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं, वीस अंश, चार अंश, अदलाबदल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी त्या इंजिनाला दोन हेड व्हते म्हणून मी सुटलो," तो म्हणाला. "एकच असता तर गो, बाय?"

मी खाली पडलेली एक काटी उचलून त्याच्या हातात दिली.

"तू मशीनीला इचारलंस. मला नाय इचारलंस."

मी म्हटलं, "चुकलं माझं, दादा." तो म्हणाला, "सोमवारी येतो."

तो आला. आजही आहे, काम तेवढंच चोख. फक्त कुठल्याही गाडीत ऑइल ओतायच्या आधी तो आता थांबतो आणि मला हाक मारतो. कितीदा सांगितलं, दादा, नको. हातातलं काम टाकून मी जाऊन उभी राहीपर्यंत तो सील तोडत नाही.

"बाय," म्हणतो, "बघून घे."