बर्गरमधला सडका कांदा

"ओ बाई, ही काय मंडई आहे का? हात खाली घ्या."

हे वाक्य माझ्या आईला ऐकवलं गेलं. रविवारी, भर दुपारी, कोपरखैरण्यातल्या एका बर्गरच्या हॉटेलात. म्हणणारा तिथला मॅनेजर. माझ्याच वयाचा, पंचवीस-सव्वीसचा. आईचा हात तेव्हा शेजारच्या टेबलावर होता आणि तिच्या चिमटीत कांद्याची एक चकती होती. ती चकती सडलेली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी तिथे कुणीही ते ऐकून घेतलं नाही. मीही नाही.

आई वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत, कांदे निवडते. बावीस वर्षं झाली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील त्याच मार्केटात माथाडी होते, त्यातून कोपरखैरण्यात एका खोलीचं घर मिळालं. ते गेल्यावर घर आईच्या हातावर चाललं. हातावर म्हणजे खरोखरच हातावर. कांद्याचा ढीग ओततात, भोवती बायका गोल बसतात. एकेक कांदा उचलायचा, सुटलेली साल, म्हणजे पत्ती, झाडायची, अंगठ्यानं मान दाबायची. मान मऊ लागली की तो आतून गेलेला. बाजूला टाकायचा. हे इतक्या झरझर चालतं की बघणाऱ्याला ती नुसती कांदे इकडून तिकडे फेकतेय असं वाटेल.

तिथे एक रीत आहे. शेजारणीच्या पाटीत सडका कांदा दिसला तर आपण हात घालून काढायचा. विचारायचं नाही. एक सडका आत राहिला की दोन दिवसांत अख्खी गोणी पाणी सोडते, म्हणून. हात घातला म्हणून कुणी रागावत नाही. उलट दिसत असून जी गप्प बसली तिलाच सगळ्या मिळून झापतात. माझी आई या रीतीत मुरलेली बाई. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तिला त्या हॉटेलात नेलं आणि तिथे नेमकं हेच विसरले.

ते हॉटेल ज्या गाळ्यात आहे तिथे आधी पिठाची गिरणी होती. आमच्या अख्ख्या गल्लीचं दळण तिथे व्हायचं. आई डबा नंबराला लावून पायरीवर बसायची आणि बायकांशी बोलायची. मग पलीकडे टॉवर उभे राहिले. टॉवरातली माणसं दळण आणत नाहीत, पीठच आणतात. गिरणी गेली. काळ्या भिंती, पिवळे दिवे, उंच खुर्च्या आल्या. आई अजूनही त्या जागेला गिरणीच म्हणते.

महापेला एका ऑफिसात मी कामाला आहे. नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं त्या आठवड्यात मी आईला म्हणाले, चल, तुला तिथे बर्गर खायला घालते. ती हसली. म्हणाली, "गिरनीत जेवायचं व्हय?" पण खूश होती. सकाळपासून तिची तयारी. नखं लिंबाच्या सालीनं घासली, दोनदा. कांद्यानं तिच्या अंगठ्याच्या चिरा काळ्या पडल्यात, त्या निघत नाहीत, तरी घासल्या. ठेवणीतली जांभळी साडी नेसली.

आणि मी काय केलं? मी तिला शिकवत बसले. कापडी पिशवी नको घेऊस. मोठ्यानं बोलू नकोस. तिथे ताट मागायचं नसतं. हाताने खाल्लं तरी चालतं, पण तोंड पुसायला कागद घ्यायचा, पदर नाही. ती सगळ्याला हो म्हणाली. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते. मॅनेजरनं तिचा अपमान दुपारी केला. मी सकाळपासूनच सुरू केला होता.

बर्गर आला. आईनं वरचा पाव उचलला. मी म्हणाले, "आई, उघडायचं नसतं." ती म्हणाली, "आत काय हाय बगू तरी." आत टिक्की, पान, टोमॅटो आणि कांद्याच्या तीन चकत्या. तिनं वाकून वास घेतला. एक चकती उचलली, अंगठ्यानं दाबली. बुळबुळीत होती. मधलं कडं तपकिरी पडलेलं, पाणी सुटलेलं. तिनं ती कागदावर बाजूला ठेवली. "चाळीत साठीवलेला जुना कांदा हाय ह्यो. आतनं गेलाय. तुजा बी उगड." मी उघडला नाही. आजूबाजूला कोण बघतंय ते बघत होते.

शेजारच्या टेबलावर टॉवरातली एक बाई होती, तिचा नवरा आणि चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीनं घास घ्यायला बर्गर तोंडाशी नेला होता. कांदा बाहेर लोंबत होता. आईनं तो बघितला. पुढचं सगळं एका क्षणात झालं. आई वाकली, म्हणाली, "पोरीला दिऊ नका, कांदा सडलाय," आणि बोलता बोलता तिचा हात गेला. त्या मुलीच्या बर्गरमधली चकती तिनं चिमटीत धरून बाहेर काढली. शेजारणीच्या पाटीतून काढावी तशी.

"अहो! हात काय लावताय? शी!"

ती बाई ओरडली. तिनं मुलीच्या हातातून बर्गर हिसकावला आणि बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. बर्गर फेकला तो कांद्यामुळे नाही. आईच्या बोटांमुळे. मुलीचे हात तिनं ओल्या कागदानं पुसले, एकेक बोट. नवरा म्हणाला, "कुठून कुठून येतात लोक." सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मग मॅनेजर आला आणि ते मंडईचं वाक्य बोलला.

आई म्हणाली, "आवो साहेब, वास तर घ्या." तिनं चकती त्याच्यापुढे धरली. तो मागे सरकला. आईशी बोलणं त्यानं तिथेच संपवलं. माझ्याकडे वळून, एकदम मऊ आवाजात म्हणाला, "मॅम, प्लीज यांना समजवा ना. बाकीच्या गेस्टना प्रॉब्लेम होतोय." आई ‘ओ बाई’, मी ‘मॅम’. एका टेबलावर बसलेल्या आम्ही दोघी मायलेकी.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा माझे कान तापले होते. मला त्या माणसाचा राग आला नाही. मला आईचा राग आला. मी उठून त्या बाईला म्हणाले, "सॉरी हं. तिला कळत नाही." मग खाली बसले आणि दातओठ खात आईला म्हणाले, "गप बस आणि गप खा."

आईनं माझ्याकडे बघितलं. जास्त वेळ नाही. कागदावर बाजूला काढलेली चकती तिनं उचलली, परत बर्गरमध्ये ठेवली, वर पाव ठेवला आणि खाल्लं. सगळं खाल्लं. चावून चावून. बावीस वर्षं जो कांदा तिनं दुसऱ्याच्याही गोणीत राहू दिला नाही, तो तिनं माझ्यासमोर बसून गिळला. मी फोन बघत होते. कागदानं तोंड पुसून ती म्हणाली, "चल."

घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाली, "हात धुतलं व्हतं मी." एवढंच.

त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही. तरी माझे डोळे पूर्ण उघडले असं मी म्हणणार नाही. कारण चारच दिवसांनी मी परत तिथे गेले. आमच्या टीमचं दुपारचं जेवण होतं, सगळ्यांना नवीन हॉटेल बघायचं होतं, आणि नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आठ जण होतो. सगळ्यांच्या गळ्यात ऑफिसची कार्डं. मॅनेजर तोच. त्यानं मला ओळखलं नाही. रविवारी तो माझ्याशी बोलला होता, तरी नाही. त्याच्या लक्षात राहिली असेल तर ती जांभळी साडी.

बर्गर आला. माझा हात आपोआप वरच्या पावाकडे गेला. उघडला. चकती उचलली, अंगठ्यानं दाबली. बुळबुळीत. मधलं कडं तपकिरी. मी ती कागदावर ठेवली, मग दुसरी. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हणाले, तुझा पण सडलाय, आणि तिच्या ताटात हात घालून काढला. ती म्हणाली, "अय्या, थँक यू गं."

मॅनेजर धावत आला. "मॅम, एनी प्रॉब्लेम?" मी चकती त्याच्यापुढे धरली. या वेळी तो मागे सरकला नाही. वाकून वास घेतला. "सो सॉरी मॅम. लगेच रिप्लेस करतो. सगळ्यांचेच करतो. बरं झालं तुम्ही सांगितलंत." आणि ‘हे आमच्याकडून’ म्हणत तळलेल्या बटाट्याच्या काड्यांच्या दोन मोठ्या बशा आणून ठेवल्या.

तोच कांदा. तीच चिमूट, आईकडून आलेली. दुसऱ्याच्या ताटात तसाच घातलेला हात. फरक फक्त गळ्यातल्या कार्डाचा. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

मी उभी राहिले. म्हणाले, "रविवारी एका बाईनं तुम्हाला हेच सांगितलं होतं. तुम्ही तिला काय म्हणालात?"

तो हसला. "मॅम, ते वेगळं होतं. ती बाई दुसऱ्या टेबलावर हात..."

"मी पण आत्ता दुसरीच्या ताटात हात घातला. मला काय म्हणाल? बोला, मंडई आहे का म्हणा."

मी म्हणाले, "ती माझी आई आहे. कांदे निवडते. तुमच्या किचनमध्ये कुणाला कळलं नाही ते तिला बसल्या जागी कळलं."

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी मॅम, मला माहीत नव्हतं तुमच्या मदर आहेत."

म्हणजे माझी आई नसती तर चाललं असतं. मी म्हणाले, "सॉरी मला नको. तिला जाऊन म्हणा. मागच्या गल्लीत राहते."

"मॅम, त्यांना इकडेच घेऊन या ना, आमच्याकडून ट्रीट."

टीममधला एक जण म्हणाला, "अगं सोड ना, किती ओव्हर करतेस, सगळे बघतायत." सगळे बघत होते. बघू देत. मी ताट तसंच ठेवलं आणि बाहेर पडले. ज्या पायरीवर आई दळणाचा नंबर धरून बसायची ती आता चकचकीत फरशीची आहे. ती मी धाडधाड उतरले.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फोडतच राहिली. मी म्हणाले, "त्याला चांगलं सुनावलं, आई."

ती म्हणाली, "त्यो माजा कोन लागतो? त्यानं सांगितलं म्हनून मी गप ऱ्हायले नसते. तू म्हनलीस गप."

मी म्हणाले, चूक झाली. ती म्हणाली, "झाली." मी म्हणाले, परत जाऊ आपण, तुला कुणी काही बोलायची हिंमत करणार नाही. ती म्हणाली, "मी न्हाय येनार. तुज्या वळकीवर मला मान नको." आणि खराब शेंगदाणे एका बाजूला काढत बसली.

तिनं मला माफ केलेलं नाही. करावं असं मी म्हणत नाही. मॅनेजर अजून आमच्या गल्लीत आलेला नाही, येणारही नाही. ते हॉटेल जोरात चालतंय. पण एक गोष्ट माझ्या हातात होती, ती मी केली. परवा त्या टॉवरच्या फाटकाबाहेर ती बाई दिसली, मुलीला घेऊन. मी तिला थांबवलं. म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला सॉरी म्हणाले होते. ते मी परत घेते. तुमची मुलगी सडकं खाणार होती. माझ्या आईनं ते काढलं. तिला कळतं. तुम्हाला कळलं नाही, आणि मलाही नाही." मुलगी म्हणाली, "मम्मा, कोण आहे ही?" तिनं मुलीचा हात ओढला आणि आत गेली. जाऊ दे.

यापुढे मी कुठेही खायला बसले तरी वरचा पाव उघडणार. बोटांनी उघडणार. सडकं निघालं तर सडकं म्हणणार, मोठ्यानं, मार्केटात बोलतात त्या आवाजात. आणि शेजारच्या टेबलावर सडकं दिसलं तर तिथेही हात घालणार. कुणी म्हणू दे मला, ही काय मंडई आहे का. मी हो म्हणणार.