नाकदाबूची झडप

नाकाला जे कळत नाही ते जगात नाहीच, असं तुम्हालाही वाटतं ना? मग तुम्ही आणि नाकदाबू एकाच माळेचे मणी.

नाकदाबू म्हणजे वसाहतीमागच्या दलदलीचा झडपवाला. दलदलीच्या टोकाला लोखंडी झडप आहे, तिच्यावर फिरवायचं चाक. उघडली की पाणी उतरतं, बंद केली की चढतं. एवढंच काम. पण नशिबाची चेष्टा बघा, ज्याला भांड्याला चिकटलेलं खरकटं बघून उमळून यायचं, त्याच्याच पदरात चिखल पडला. नाकावर रुमाल दाबल्याशिवाय तो चाकाला हात लावत नसे, म्हणून हे नाव. घरी आला की साबणाच्या वडीचा फडशा. बायको म्हणायची, "अहो, अंगावर कातडी तरी ठेवा!"

त्यानं एक शक्कल काढली होती. चिखल उघडा पडला की घाण मारतो ना? मग झडप कायमची बंद. वर पाण्याचा आरसा, त्यात इमारती उलट्या टांगलेल्या, वासाचं नाव नाही. वसाहत खूश. समोरच्या इमारतीत त्याची थोरली बहीण राहते. ती गॅलरीतून शेजारणींना ऐकवायची, "माझा भाऊ आहे म्हणून हा देखावा आहे हं!" शी! केर गादीखाली सारायचा आणि पाहुण्यांना घर दाखवायचं, त्यातली ही स्वच्छता.

मग मातीचा अभ्यास करणारी एक बाई आली. तिनं पाण्यावर पारदर्शक डबा पालथा घातला आणि काठीनं तळ ढवळला. भडाभडा बुडबुडे आले. डब्यात साठलेला वायू तिनं इंजेक्शनच्या सुईनं ओढून घेतला.

नाकदाबूनं भीत भीत रुमाल सरकवला. "वास तर काहीच नाही."

"नाहीच येणार, काका. मिथेनला वास नसतो. पण हवा तापवण्यात पटाईत."

"येतो कुठून?"

"तळातून. पाण्याखालच्या मातीत हवा शिरत नाही. तिथले जिवाणू असे, की प्राणवायू लागला की गारद. अंधारात बसून कुजक्या पाल्यावर जगतात आणि हा वायू सोडतात."

"म्हणजे पादतात!"

"तसंच समजा," बाई हसली. "पण मातीच्या वरच्या थरात हवा खेळत असेल, तर तिथं दुसरे जिवाणू असतात. ते हा वायू वाटेतच खाऊन टाकतात, बराचसा. तुम्ही पाणी चढवून खालच्यांना घर बांधून दिलंत आणि वरच्यांचा गळा दाबलात."

नाकदाबू चाकाकडे धावला. "सगळं पाणी आत्ता सोडतो!"

"अहो, थांबा! माती पार वाळली तर जुन्या पाल्याचा साठा भराभर कुजून कार्बन डायऑक्साइड सुटेल, तोही हवा तापवणाराच. पाणी मातीच्या वीतभर खाली ठेवा, बस."

त्यानं चाक फिरवलं. पाणी उतरलं आणि वसाहतीचं पोट उघडं पडलं. काळा, लिबलिबीत चिखल. त्यात बाळांचे लंगोट, बाटल्या, कुणाची एकच चप्पल, पिशव्यांत गाठ मारून फेकलेलं काय काय. देखावा बघणाऱ्यांचाच माल! दुर्गंधी अशी, की नाकदाबू कठड्याला धरून ओकला.

ताई तणतणत आली. "अरे, वेड लागलंय का तुला? माझ्याकडे माणसं येतात!"

"ताई, अगं, आत वायू—"

"कुठला वायू? मला नाही आला कधी वास! आत्ता येतोय तो बघ!"

वसाहतीची बैठक झाली. ठरलं की पाणी पुन्हा चढवायचं आणि झडप वेल्ड करून टाकायची, म्हणजे कुणाच्या डोक्यात किडा वळवळायला नको. नाकदाबू चाक फिरवायला तयार नव्हता, म्हणून तेही काम वेल्डरच्याच गळ्यात. वेल्डर आला, चाकापाशी वाकला आणि नाक धरून मागे पळाला. "इथं कोण उभं राहणार? वास गेला की बोलवा!"

ज्या घाणीला तो जन्मभर शिव्या घालत होता, तिनंच त्याची झडप वाचवली.

पुढे चिखलाचा वरचा थर हळूहळू तपकिरी व्हायला लागला. हवा शिरल्याची खूण, बाईनं सांगितलेलीच. एका सकाळी नाकदाबूनं रुमाल खिशात कोंबला, दात-ओठ आवळले आणि उघडं बोट मातीत खुपसलं. वर तपकिरी, खाली काळं. त्यानं ताईला ओढून आणलं.

तिनं हुंगून बघितलं. "वास गेलाय खरा."

"मग?"

"मग काय मग? देखावा कुठाय? मी चहा प्यायला बसायचं ते चिखल बघत?" ती जाता जाता म्हणाली, "बरं झालं, वास गेला. रविवारी बोलावते वेल्डरला."

थू! आधी नाक आडवं आलं, आता डोळे. माती श्वास घ्यायला लागली म्हणूनच तिचा गळा पुन्हा दाबायला सगळे मोकळे.

झडप आज तरी उघडी आहे. रविवारी नाकदाबू चाकावर ठाण मांडून बसणार आहे, सख्ख्या बहिणीसमोर, एकटा. तुम्ही या. काठावर त्याच्या शेजारी उभे राहा, आणि येताना रुमाल घरी ठेवून या.